डोक्याचा मुका मार

पावसाळ्याच्या उत्तरार्धात तालुक्यातालुक्यांतून शालेय क्रीडास्पर्धांची धामधूम उडते. इंदापूर तालुक्यात, नीरेच्या खोऱ्यातील आणि तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरील बावड्यासारख्या गावी, या दिवसांत कबड्डीच्या मैदानाभोवती माणसांचे कडे पडते. घोटा धरण्यास वाकलेल्या मुलाच्या कानशिलावर चढाई करणाऱ्याचा गुडघा बसतो, किंवा साखळी करून धावलेल्या दोघांची डोकी एकमेकांवर आदळतात. मुलगा क्षणभर बसकण मारतो, कोणी तोंडावर पाण्याचा हबका मारतो, कोणी कांदा हुंगवतो, टाळ्या पडतात आणि मुलगा पुन्हा मैदानात उभा राहतो. रक्त नाही, टेंगूळ नाही, तेव्हा काही झालेच नाही असे सर्वांनी धरून चालावे, ही आपली जुनी रीत आहे. ती घातक आहे.

वैद्यकात ज्याला कंकशन म्हणतात, तो मेंदूला बसलेला हादरा होय. आपल्या भाषेतील ‘मुका मार’ हा शब्द त्यास चपखल लागू पडतो. कवटीच्या आत मेंदू झटक्यासरशी हेलकावतो आणि त्याच्या पेशींचा व्यवहार काही काळ विस्कळित होतो. हाड मोडलेले नसते, रक्तस्राव नसतो. म्हणूनच सीटी स्कॅनमध्ये बहुधा काहीच आढळत नाही. ‘स्कॅन स्वच्छ आला’ या वाक्याने घरची मंडळी निर्धास्त होतात. परंतु स्कॅन रक्तस्राव आणि अस्थिभंग शोधण्यासाठी असतो, हादऱ्याचे निदान लक्षणांवरूनच करावे लागते. बेशुद्ध पडला तरच मेंदूला इजा झाली, हा समजही तितकाच चुकीचा आहे. बहुसंख्य खेळाडूंची शुद्ध हरपतच नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते, उजेड व गोंगाट सोसवत नाही. आताच झालेली चढाई आठवत नाही. एकच प्रश्न मुलगा पुनःपुन्हा विचारू लागतो. कित्येकदा ही लक्षणे काही तासांनी उमटतात, आणि तोवर सामना संपून संघ एस.टी.त बसलेला असतो.

१३ जुलै २०१४ रोजी रिओ येथे विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना चालू असताना जर्मनीच्या ख्रिस्टोफ क्रामरच्या डोक्याला प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याची धडक बसली. तो उठला आणि सुमारे चौदा मिनिटे खेळत राहिला. मग त्याने पंचांनाच विचारले, की हा अंतिम सामनाच आहे काय? तेव्हा कोठे त्यास बाहेर नेण्यात आले. अब्जावधी डोळे ज्या सामन्यावर खिळले होते तेथे ही गत, तर शाळेच्या मैदानावर काय होत असेल, हे वेगळे सांगावयास नको. पुढे २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटने अशा खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेण्याची मुभा दिली. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरा येथे रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळल्यावर त्याच्या जागी चहल उतरला. आपल्याकडे चर्चा रंगली ती चहलने घेतलेल्या तीन बळींची; जडेजाच्या डोक्याची फारशी कोणी वास्तपुस्त केली नाही.

याहून कटू दाखला रमण लांबाचा. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात षटकाचे मोजकेच चेंडू उरले असता तो हेल्मेटविना फलंदाजाच्या अगदी जवळ उभा राहिला. कपाळाच्या बाजूवर चेंडू आदळल्यानंतर तो स्वतःच्या पायांनी तंबूत परतला. थोड्या वेळाने त्याची प्रकृती ढासळली आणि तीन दिवसांनी तो गेला. त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो निव्वळ हादरा नव्हता. परंतु आरंभीच्या घटकेस दोहोंमधला भेद मैदानावर कोणालाही सांगता येत नाही, आणि म्हणूनच डोक्याला मार लागलेल्यास खेळातून काढणे हाच एक शहाणपणाचा मार्ग उरतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पहिल्या हादऱ्यातून सावरण्यापूर्वी दुसरा हादरा बसल्यास, क्वचित का होईना, मेंदूला झपाट्याने सूज येऊन प्राणावर बेतते, आणि हा धोका वाढत्या वयाच्या मुलांत विशेषकरून आढळला आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये झॅकरी लिस्टेट हा तेरा वर्षांचा विद्यार्थी फुटबॉल खेळताना डोक्यावर पडला, त्याच सामन्यात परत उतरला आणि सामन्यानंतर कोसळला. तो वाचला, पण साधे चालणे-बोलणे परत मिळवण्यासाठी त्यास वर्षे खर्ची घालावी लागली. २००९ मध्ये त्याच्या नावाने कायदा झाला: पालकांनी माहितीपत्रकावर सही करावयाची, संशय येताच मुलास बाहेर काढावयाचे आणि वैद्यकीय व्यावसायिकाच्या लेखी परवानगीवाचून परत घ्यावयाचे नाही. २०१४ पर्यंत त्या देशातील पन्नासही राज्यांत या धर्तीचे कायदे झाले. यात खर्चाचे असे काय आहे?

आपल्या मुलांना दुखणे लपवण्याची कारणे मात्र सबळ आहेत. क्रीडानैपुण्यावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ऊसतोडणीच्या वा शेतमजुराच्या घरातील मुलाने या वाटेकडे डोळे लावले असतील, तर ‘सर, डोकं दुखतंय’ असे तो उपांत्य फेरीत सांगेल ही अपेक्षाच भाबडी आहे. निर्णय त्याच्यावर सोपवणे म्हणजे जबाबदारी झटकणे. तो ज्याच्या हाती शिट्टी आहे त्याने घ्यावयाचा आहे. मग त्या क्रीडाशिक्षकाकडे उरलेल्या वेळात गणिताचे तास का असेनात.

पहिला दिवस-दोन दिवस मुलाने सापेक्ष विश्रांती घ्यावी. मोबाईलचा पडदाही मर्यादेत ठेवावा. नंतर हलके चालणे-फिरणे, मग सराव, आणि लक्षणे पूर्ण मावळल्यावर डॉक्टरांच्या संमतीने सामना, असा क्रम आज सर्वमान्य आहे. मुलांना बरे होण्यास चार आठवडेही लागू शकतात. या काळात तो वर्गात पेंगेल, वाचलेले विसरेल, चिडेल. त्याला आळशी ठरवण्यापूर्वी वर्गशिक्षकाने मागच्या आठवड्याच्या सामन्याची चौकशी करावी. (कानशिलात भडकावण्याची जुनी पद्धत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केली आहे, ती अजून कोठे शिल्लक असल्यास तिचा आघातही याच डोक्यावर होतो.) वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, आचके, हातापायातील अशक्तपणा, झोपेतून नीट न उठणे यांपैकी एकही खूण दिसली, तर घरी नेऊन वाट पाहू नये, १०८ क्रमांकावर फोन करून इंदापूर वा बारामतीचे रुग्णालय गाठावे.

शालेय स्पर्धांत संघ उतरवताना मुलाच्या जन्मतारखेचा दाखला डोळ्यांत तेल घालून तपासला जातो. एका दिवसाच्या फरकाने खेळाडू बाद ठरतो, तक्रारी होतात, निकाल फिरतात. त्याच कागदांच्या गठ्ठ्यात, डोक्याच्या दुखापतीची लक्षणे मराठीत छापलेला आणि पालकांची सही असलेला एक कागद जोडणे जिल्हा क्रीडा कार्यालयास येत्या हंगामापासून सहज शक्य आहे.