अभ्यासक्रम, आक्षेप आणि आंदोलन

विद्यार्थी आंदोलनांविषयी आपल्या अध्यापकवर्गात दोन ठरीव भूमिका आढळतात. विद्यार्थ्याने अध्ययन करावे, चळवळींच्या भानगडीत पडू नये, ही एक. विद्यार्थ्यांचे प्रत्येक आंदोलन मूलतः पुरोगामीच असते, ही दुसरी. इतिहासाच्या कसोटीस या दोन्ही उतरत नाहीत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव संमत केला, तेव्हा त्याच्या बाजूने विद्यार्थी उभे होते आणि विरोधातही विद्यार्थीच होते. त्या विरोधाचे पर्यवसान गावोगावच्या दलित वस्त्यांवरील हल्ल्यांत झाले, आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. आंदोलन विद्यार्थ्यांचे आहे, एवढ्यावरून त्याचे मूल्य ठरत नाही. ते काय मागते आणि कोणत्या मार्गाने मागते, यावरून ठरते.

साहित्याच्या अध्यापकाला हा प्रश्न अधिक निकटपणे भिडतो तो अभ्यासक्रमाच्या संदर्भात. रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही १९९१ची कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. च्या इंग्रजी अभ्यासक्रमात होती. २०१० मध्ये एका विद्यार्थी संघटनेने तिच्यावर आक्षेप घेतला, प्रती जाळण्यात आल्या आणि कुलगुरूंनी तातडीच्या अधिकारांचा वापर करून कादंबरी अल्पावधीत काढून टाकली. दिल्ली विद्यापीठात ए. के. रामानुजन यांच्या रामायण-परंपरांवरील निबंधावरून फेब्रुवारी २००८ मध्ये इतिहास विभागात मोडतोड झाली. पुढे नेमलेल्या चार तज्ज्ञांपैकी तिघांनी निबंध ठेवण्याच्या बाजूने मत दिले, तरीही ऑक्टोबर २०११ मध्ये विद्वत परिषदेने तो वगळला.

मिस्त्रींच्या कादंबरीतील वादग्रस्त मजकूर मुख्यतः पात्रांच्या तोंडचा आहे. पात्राचा उद्गार म्हणजे लेखकाचे मत नव्हे, हा कथात्म साहित्याच्या अध्यापनातील पहिला धडा. तो शिकविण्याची संधी चालून आली असता विद्यापीठाने पुस्तकच बाजूला सारले. रामानुजनांच्या बाबतीत तज्ज्ञांचे मत मागवून ते डावलले गेले. म्हणून या प्रकरणांतील मुख्य दोष मी आंदोलकांच्या पदरी घालीत नाही. घोषणा देणे, पत्रके वाटणे, मोर्चा काढणे, एखादे पुस्तक वाईट आहे असे उच्चरवाने सांगणे, हे सर्व अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच मोडते. त्याची मर्यादा जेथे दुसऱ्याचे वाचन बंद पाडले जाते, तेथे सुरू होते. ती मर्यादा राखण्याचे उत्तरदायित्व प्रथम संस्थेचे आहे. दडपणाने पुस्तक निघते, असे एकदा सिद्ध झाले की पुढचा आक्षेपक युक्तिवाद करण्याचे कष्ट कशाला घेईल?

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. अभ्यासक्रमातील एखाद्या पाठात आपल्या जातीचा वा समाजाचा अवमान आहे असे ज्या विद्यार्थ्याला वाटते, त्याने तो मुकाट्याने का वाचावा? मुकाट्याने मुळीच वाचू नये. दलित साहित्याचा इतिहास याच नकारातून घडला. १९५० मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातील अध्यापक आणि विद्यार्थ्यांनी प्रस्थापित वाङ्मयाविषयीची आपली तक्रार लेखनातून मांडली. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ त्याच धडपडीचे फळ होय. त्या चळवळीने वाचनात भर घातली. जुनी पुस्तके कपाटात राहिली; त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र पालटली. माझ्या मते हा फरक निर्णायक आहे.

परंतु भर घालण्यासाठी मार्ग मोकळे असावे लागतात. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेतील थेट निवडणुका बंद करून गुणवत्तेवर आधारित नियुक्त्या आणल्या. खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा झाली ती २०१६च्या कायद्यात. दोन दशकांहून अधिक काळ अभ्यास मंडळापुढे आपले म्हणणे मांडणारा निर्वाचित प्रतिनिधी विद्यार्थ्यांना नव्हता. दार बंद असेल तर माणूस खिडकीवर दगड मारतो. त्याचे समर्थन नव्हे, पण कारण समजून घ्यावे लागते.

येथे आपलाही हिशेब मांडला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका दलित कवितेतील शब्दांविषयी आमच्या वर्गातील दोन विद्यार्थ्यांनी तक्रार केली. मी चर्चा ठेवली नाही. ‘प्रश्नाला पर्याय आहे, ती कविता सोडून द्या’, असे सांगून मोकळा झालो. कोणी मोर्चा काढला नव्हता, दडपणही नव्हते. तरी कविता वर्गातून गेली आणि तिची नोंद कोठेही झाली नाही. पुढे त्याच वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ती कविता आम्हांला समजली नसती, असं वाटलं का तुम्हांला?” या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप देता आलेले नाही.

म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. अभ्यासक्रमाविषयीचा प्रत्येक लेखी आक्षेप अभ्यास मंडळाने विद्यार्थ्यास समक्ष बोलावून ऐकावा आणि निर्णय सकारण प्रसिद्ध करावा. दुसरे, ‘ही कलाकृती मला अमान्य आहे’ असे साधार लिहिणाऱ्या उत्तरपत्रिकेस परीक्षकाने पूर्ण गुण देण्याची तयारी ठेवावी. मतभेदाला उत्तरपत्रिकेत जागा मिळाली नाही, तर तो प्रवेशद्वारावर येणारच. आणि तेथे वाङ्मयाची चर्चा होत नसते.