घाबरलेल्याला चार्जशीट हे औषध नव्हे



दिल्लीत कोपर्निकस मार्गावर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ आहे. त्याच रस्त्यावर दूरदर्शन भवन आणि कमानी सभागृह. संध्याकाळी नाटकाला गर्दी होते. आमचे तिथे जाणे तारखेपुरते. (महाराष्ट्रातले दावे मुंबईच्या पीठात चालतात, पण चित्र तेच.) नोकरी गेलेल्यांच्या फाइली चाळताना एक गोष्ट वारंवार दिसते. आरोपपत्रात 'अनधिकृत गैरहजेरी' एवढेच असते, आणि मागे मानसोपचार तज्ज्ञाची चिठ्ठी जोडलेली असते. ती कुणी वाचलेली नसते.

ती चिठ्ठी काय सांगते? काळजी सगळ्यांनाच असते. पगार वीस तारखेला संपतो तेव्हा ती असणारच. पण कारण टळले तरी जी जात नाही, झोप उडवते, ड्युटीची वेळ जवळ आली की हातपाय गार पाडते, ती चिंतारोगाची खूण. कधी अचानक झटका येतो. छातीत धडधड, श्वास अपुरा, हाताला मुंग्या, आता मरतो असे वाटते. काही मिनिटांत तो शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. इस्पितळात इसीजी नॉर्मल येतो. झाले! साहेब म्हणतात, नाटक करतो.

रनिंग स्टाफला हे वेगळे सांगायला नको. गाडीखाली माणूस आला तर लोको पायलटने खबर द्यायची आणि गाडी पुढे न्यायची. तो माणूस पुढे कित्येक रात्री काचेसमोर उभा राहतो, त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात होते?

प्रशासन विचारते, असा माणूस इंजिनावर चालेल का? प्रश्न खरा आहे, आम्ही तो टाळत नाही. झटके येत असतील तर त्याने गाडी चालवू नये. काही गोळ्यांनी गुंगी येते, हेही खरे. पण तो आजार सांगत का नाही, ते विचारा की! सांगितला तर मेडिकल डीकॅटेगराइज, किलोमीटर भत्ता बंद, घराचा हप्ता तुंबणार, लॉबीत 'पागल' नाव पडणार. म्हणून तो लपवून गाडी चालवतो. प्रवाशांना खरा धोका या लपवण्याचा, आणि लपवायला लावणारे प्रशासनच आहे.

कायदा आपल्या बाजूला आहे, पण अर्धाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २०(४) सांगते की नोकरीत अपंगत्व आले तर काढता येत नाही, पायरी उतरवता येत नाही. काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरी जागा द्यायची. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या दाव्यात, मानसिक अपंगत्वातून घडलेल्या वर्तनावर शिस्तभंगाची कारवाई हा भेदभावाचाच प्रकार ठरवला. गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध केल्याशिवाय ते गैरवर्तन होत नाही, हेही त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले. मेख अशी, की २०१६ चा कायदा गंभीर आजारालाच मानसिक आजार मानतो. आपले बहुतेक लोक त्या व्याख्येबाहेर राहतात. ते कोपर्निकस मार्गावर पोचतात तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि आपल्या शाखांचे काय? "मर्द हो, कामाला लाग" हा सल्ला साहेबाच्या टोमण्यापेक्षा वेगळा नाही. झटका आलेल्याजवळ शांत बसा, गर्दी हटवा, श्वास सावकाश सोडायला सांगा. पहिल्यांदाच असेल तर हृदयाची तपासणी कराच. 'काही झालेलं नाही' म्हणू नका. त्याला झालेले असते. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर गोळ्या सोडू देऊ नका. बोलण्यातून होणारे उपचारही गुणकारी आहेत. महिनोन्‌महिने घरी बसवल्याने भीती वाढते, म्हणून हलक्या कामावर हळूहळू परत आणा. आजाराची गुप्तता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. चहाच्या टपरीवर त्याची चर्चा नको. रात्री-अपरात्री १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक लावता येतो.

पीएनएमच्या बैठकीत आमची मागणी स्पष्ट आहे. माणूस गाडीखाली आला की त्या फेरीनंतर चालकाला सक्तीची भरपगारी विश्रांती द्या. उपचाराच्या काळात सरासरी किलोमीटर भत्ता चालू ठेवा. मानसोपचाराची चिठ्ठी असेल तर रेल्वे डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय चार्जशीट काढू नका.

तोवर शाखा सचिवांनी सिक मेमोची झेरॉक्स त्याच दिवशी घ्यावी आणि चिठ्ठी स्पीड पोस्टाने पाठवावी. अंतिम आदेशानंतर न्यायाधिकरणात जायला एकच वर्ष मिळते.