अकोल्याची चतुर्थी

परवा वाशीमच्या एसटी स्टँडवर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारचे आजोबा नातवाला म्हणाले, ‘बस लागली, चढ लवकर बाबू.’ मी मात्र ‘बस’पाशीच अडलो.

हा शब्द म्हणजे नुसता प्रत्यय. लॅटिनमध्ये ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. लोकांनी धड टाकलं, शेपूट ठेवलं. शाळेत घोकलेलं ‘रामेभ्यः’ आठवा. त्यातला ‘भ्यः’ या ‘बुस’चा चुलतभाऊ. म्हणजे आपण चतुर्थीच्या अनेकवचनात बसून अकोल्याला जातो. (संकष्टी नव्हे, विभक्ती!)

लॅटिन आपल्याकडे इंग्रजीच्या आधी पोर्तुगिजांच्या गलबतातून उतरली. पाव, चावी ही तिचीच नातवंडं. ‘पगार’ तर फार बोलका: त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘शांत करणे’. महिन्याच्या एक तारखेला घरोघरी तो पटतो. मग इंग्रजीतून आलेल्यांचंही मूळ तेच: पेन म्हणजे पीस, डॉक्टर म्हणजे शिकवणारा.

वाशीमकरांना भाषांच्या या सरमिसळीचं नवल वाटू नये. हे गाव म्हणजे वाकाटक राजांचं वत्सगुल्म. इथे 1939 साली दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, पण दान दिलेल्या गावाचा व्यवहार प्राकृतात. थाटाला एक भाषा, कामाला दुसरी. आजही लग्नपत्रिका संस्कृत श्लोकाने उघडते आणि खाली लिहिलेलं असतं: ‘बसची व्यवस्था केली आहे.’