दवाखान्यालाही शेजपाळी पाहिजे

आज पिकावर नाही, पाळीवर लिहितोय.

मागच्या महिन्यात आमचे चुलते उसाला पाणी पाजताना सरीत घसरले. वय ७२. खुबा मोडला. योजनेतल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. रेशनकार्ड, आधार दिलं, आरोग्यमित्रानं नोंद केली. मंजुरी दुसऱ्याच दिवशी आली. ऑपरेशन झालं नवव्या दिवशी. रोज विचारलं की एकच उत्तर, "नंबर लागला की घेऊ." आमच्यानंतर आलेला रोख भरणारा पेशंट आमच्या आधी मोकळा झाला. नऊ दिवस एका जागी पडून चुलत्यांच्या पाठीला जखम झाली. आता हाड जुळतंय, पण जखम भरेना.

योजना वाईट म्हणत नाही मी. पूर्वी सातबारा असलेल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्याला महात्मा फुले योजना फक्त १४ जिल्ह्यांत लागू होती. सातारा, सांगली त्यात नव्हते. २०२३ च्या निर्णयानं सगळ्या कार्डधारकांना दार उघडलं आणि कुटुंबाची मर्यादा दीड लाखावरून ५ लाख केली. चुलत्यांचं कार्ड पांढरंच आहे. योजना नसती तर म्हैस विकावी लागली असती.

पण लाभक्षेत्र वाढवलं आणि पाणी तेवढंच ठेवलं तर काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. टेलवाला कोरडा राहतो. इथं टेलला आहेत जत, आटपाडी, माण, खटाव. मोठ्या ऑपरेशनला त्यांनी यायचं मिरज, सांगली नाहीतर कराड, साताऱ्याला. त्यात योजनेचा दर ठरलेला. रोखवाल्याकडून जास्त मिळत असेल तर दवाखाना आधी कुणाला घेईल?

रांग कुठंच चुकत नाही. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सगळ्यांना सरकारी उपचार आहेत. तिथं नियोजित उपचार १८ आठवड्यांत सुरू व्हावेत असं उद्दिष्ट आहे, ते कित्येक वर्षं गाठलेलं नाही. पण किती लोक किती आठवडे थांबलेत, हे दर महिन्याला जाहीर होतं. चुलत्यांचे नऊ दिवस कुठल्या कागदावर आहेत?

आपल्याला थांबायची सवय आहे. शेजपाळीत पाणी कमी असलं तरी आपला वार आणि तास ठरलेला असतो. मधेच कुणी दार फोडलं तर भांडता येतं, कारण पाळी लेखी असते. तेच दवाखान्यात करा.

१) मंजुरीबरोबर ऑपरेशनची तारीख लेखी द्या.
२) यादी बोर्डावर लावा. नाव नको, नोंदणी क्रमांक पुरे.
३) तारीख हुकली तर दुसऱ्या दवाखान्यात जागा दवाखान्यानंच शोधून द्यावी.
४) आधी कोण, हे दुखणं बघून डॉक्टरांनी ठरवावं, खिसा बघून नाही.

डॉक्टर मंडळी म्हणतील, अपघाताची केस आली की तारीख मोडते. मान्य. लाईट गेली की आमचीही पाळी हुकते. पण हुकलेली पाळी पुढं कधी मिळणार, हे विचारायचा हक्क असतो.

तोवर एक करा. दवाखान्यातून नुसतं "थांबा" आलं तर १५५३८८ वर फोन लावून तक्रार नोंदवा आणि नंबर लिहून ठेवा. मी हे पाचव्या दिवशी केलं. पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

तुमच्याकडं मंजुरीनंतर किती दिवस लागले? तालुका आणि दिवस तेवढे खाली लिहा. आपली यादी आपणच करू.