वजनकाट्याला न दिसलेले पोट

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर पेणच्या अलीकडे जिते नावाचे छोटे स्थानक लागते. या पट्ट्यात 'लठ्ठ' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे शंभर किलोचा माणूस येतो. हातपाय सडसडीत, पण शर्टाच्या खालच्या बटणावर ताण आलेला चाळिशीतला गृहस्थ कुणाला लठ्ठ वाटत नाही. तो 'खात्यापित्या घरचा'. गणपतीच्या कारखान्यात महिनोन् महिने बसून रंगकाम करणाऱ्यांत, रिक्षा चालवणाऱ्यांत, दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्यांत असे पोट सर्रास दिसते. करोनाच्या काळात सरकारी कागदांनीही या पोटाकडे काणाडोळाच केला, आणि ही चूक अजून दुरुस्त झालेली नाही.

लठ्ठपणा आणि करोना यांचे नाते फार लवकर समोर आले होते. २०२०च्या वसंतात फ्रान्समधील लील शहरातल्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातील १२४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. जवळपास निम्म्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, ३०च्या वर होता. आणि निर्देशांक जितका जास्त, तितकी व्हेंटिलेटरची गरज अधिक. पुढे अमेरिकेतील २३८ रुग्णालयांतील सुमारे दीड लाख प्रौढ रुग्णांच्या नोंदींतही हेच दिसले. लठ्ठ व्यक्तींना दाखल व्हावे लागण्याचा आणि मृत्यूचा धोका अधिक होता, विशेषतः ६५ वर्षांखालील वयात. 'वय कमी आहे, काही होणार नाही' हा दिलासा तिथे लागू पडत नव्हता.

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र इंग्लंडमधला. तिथल्या ६९ लाख लोकांच्या नोंदी तपासल्यावर २०२१मध्ये कळले, की गंभीर आजाराचा धोका ३०पासून नव्हे, तर २३पासूनच चढायला लागतो. भारतीयांसाठी 'जादा वजना'ची रेषा तज्ज्ञांनी २००९मध्येच २३वर ओढली होती आणि लठ्ठपणाची २५वर. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला हा २३चा आकडा ६३ किलोच्या आसपास लागतो. एवढ्या वजनाला गावात कुणी 'जरा खात जा' असेही सांगेल!

त्यातही वजन सगळे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार, ही आपली ठेवण. ही चरबी पोटात आतड्यांभोवती साठते, आणि फुप्फुसाचा आजार झाल्यावर तीच नडते.

माणूस उताणा झोपला की पोटाचा भार श्वासपटलाला वर ढकलतो. फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही आणि तिथे ऑक्सिजन रक्तात पोहोचत नाही. करोनात नेमके तेच भाग आधीच सुजलेले असत. दुसरे म्हणजे पोटातली चरबी गप्प बसत नाही. ती दाह वाढवणारी रसायने सोडते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवते आणि इन्सुलिनला दाद देत नाही. स्टेरॉइडने अनेकांचे जीव वाचवले हे खरे. पण त्याने साखर चढते, आणि ज्याला आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नव्हते त्याला ती झेपत नाही. २०२१मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे रुग्ण पाहिले, त्यात या साखरेचा मोठा वाटा होता.

आता कागदांकडे वळू. १ मार्च २०२१पासून साठीपुढच्यांना, तसेच ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधी असलेल्यांना लस खुली झाली. केंद्राच्या यादीत अशा वीस व्याधी होत्या. लठ्ठपणा त्यात नव्हता. ब्रिटनने निदान ४०च्या वरच्या बीएमआयला प्राधान्यगटात जागा दिली होती. महिन्याभरात ४५ वर्षांवरील सर्वांना लस मिळू लागली, हे मान्य. पण लाट चढत असताना महिना लहान नसतो, आणि चाळिशीच्या पोटवाल्याला त्यानंतरही थांबावेच लागले. लस अपुरी होती हे कारण पटते. यादीत नाव नसल्याने 'मला धोका आहे' हेच लोकांना कळले नाही, याला मात्र अपुऱ्या लशीचे कारण चालत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष २५च्या रेषेवर होते. त्याच फेरीत कंबर-नितंब गुणोत्तर धोकादायक असलेल्या स्त्रिया ५६.७ टक्के निघाल्या आणि पुरुष ४७.७ टक्के. काटा चौघींतल्या एकीला पकडतो, टेप निम्म्याहून अधिक जणींना.

याचा अर्थ सरसकट 'वजन उतरवा' असा नाही. अमेरिकेतल्या नोंदींत अगदी कमी वजनाच्या रुग्णांचाही धोका वाढलेला दिसला होता. पेण तालुक्यातल्या कातकरी वाडीवर जाऊन जेवण कमी करायला सांगणे हा क्रूर विनोद ठरेल. म्हणूनच उपदेशापेक्षा मोजमाप हवे.

टेप नवा आणायचा नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशा ताई असंसर्गजन्य आजारांचा जो तक्ता भरतात, त्यात कमरेचा घेर आहेच. बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर या मर्यादेपुढे गुण चढतात. तोच आकडा पेणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातल्या केसपेपरवर, वय आणि रक्तदाबाच्या शेजारी, दाखल होतानाच लिहिला, तर श्वास लागलेल्या रुग्णाला पालथे कधी करायचे आणि साखर किती वेळा तपासायची, हे पहिल्या तासात ठरवायला डॉक्टरांना आधार मिळेल. पुढची साथ फ्लूची असो की आणखी कशाची, त्यासाठी केसपेपरवर एक रकाना छापावा लागेल, एवढेच.