कावळा बसला, फांदी तुटली अन् बोअर कोरडा गेला!

समजून घ्या : संत्रापट्ट्यातल्या रोजच्या वादांत लपलेले तर्कदोष आणि त्यांची किंमत

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाट संत्र्याच्या बगीच्यांसाठी आणि कलमांच्या रोपवाटिकांसाठी ओळखले जाते. इथे पारावर, चहाच्या टपरीवर, मोबाइलवरच्या गटांत रोज वाद रंगतात. बोअर कुठे मारायचा, फळगळ कशाने थांबते, बहार कोणता धरायचा? वाद जिंकला जातो, पण तर्क चुकला तर पैसा बगीचेवाल्याचा जातो. कलम लावल्यापासून भरवशाचे पीक हाती यायला पाच-सहा वर्षे लागतात. त्यामुळे इथली चूक एका हंगामात भरून निघत नाही.

तर्कदोष म्हणजे काय?

वरून पटणारे, पण आतून पोकळ असलेले कारण म्हणजे तर्कदोष. ही कल्पना परदेशातून आलेली नाही. भारतीय न्यायदर्शनात त्याला 'हेत्वाभास' म्हणतात आणि गौतमाच्या न्यायसूत्रांत त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. रोजच्या बोलण्यात मात्र पुढचे चार दोष ओळखता आले तरी पुरे.

1) 'फवारलं अन् गळ थांबली'

आधी एक घडले, मग दुसरे घडले. म्हणून पहिले हे दुसऱ्याचे कारण, असे मानणे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, ही म्हण याच चुकीवर बोट ठेवते. आंबिया बहाराची फळगळ पाण्याचा ताण, साचलेले पाणी, अन्नद्रव्यांची कमतरता, बुरशी, रस शोषणारा पतंग अशा अनेक कारणांनी होते. फवारणीच्याच आठवड्यात पाऊस उघडला असेल, तर श्रेय कोणाचे? बगीच्यातली एक ओळ न फवारता सोडली, तर उत्तर तिथेच मिळते.

2) 'त्यानं दाखवलं अन् पाणी लागलं'

पाणाड्याने नारळ किंवा कडुनिंबाची काडी धरून जागा दाखवली आणि पाणी लागले, ही गोष्ट गावभर होते. कोरड्या गेलेल्या बोअरची गोष्ट मालक कोणाला सांगत नाही. फक्त यश मोजायचे आणि अपयश विसरायचे, हा दुसरा दोष. 1990 मध्ये जर्मनीतील कासेल येथे 30 पाणाड्यांची चाचणी झाली. जमिनीत पुरलेल्या पाइपातून पाणी वाहते आहे की नाही, एवढेच ओळखायचे होते. निकाल नाणे उडवून मिळावा तसाच आला. वरुड तालुका भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखला जातो. तिथे हा प्रश्न गमतीचा राहत नाही. पाणाड्याने दाखवलेल्या दहा जागांपैकी किती कोरड्या गेल्या, हे विचारायलाच हवे.

3) 'तुले संत्र्यातलं काय समजते?'

मुद्दा सोडून माणसावर घसरणे. सल्ला देणाऱ्याकडे स्वतःचे एकही झाड नसेल, तरी त्याचे माती परीक्षण खोटे ठरत नाही. उलटही तेवढेच खरे आहे. शेतकरी शिकलेला नाही म्हणून त्याचे तीस वर्षांचे निरीक्षण उडवून लावणारा साहेबही हाच दोष करतो.

4) 'बोअर मारा, नाही तर बगीचा तोडा'

दोनच वाटा असल्याचे भासवणे. प्रत्यक्षात या दोन टोकांच्या मध्ये ठिबक, आच्छादन, शेततळे, विहिरीचे पुनर्भरण, जुनी रोगट झाडे कमी करणे असे पर्याय असतात. सगळेच सगळ्यांना परवडणार नाहीत, पण कर्ज काढून आणखी खोल जाण्याआधी ते मोजून तरी पाहता येतात. 'सारेच बोअर करून राह्यले' हेही कारण नव्हे. सारेच उपसू लागले, तर पातळी सगळ्यांचीच खाली जाते.

एक सावधगिरी

तर्क चुकला म्हणजे निष्कर्ष खोटाच, असे नाही. पाणाड्याने दाखवलेल्या जागी पाणी असूही शकते. फक्त काडी हा त्याचा पुरावा नव्हे. म्हणून समोरच्याचा दोष पकडून टाळी मिळवणे हा या विद्येचा उपयोग नाही. तिचा खरा उपयोग स्वतःचा निर्णय तपासण्यासाठी आहे.

वडीलधाऱ्यांना किंवा कृषी केंद्रवाल्याला 'हे कशावरून?' असे विचारणे उद्धटपणाचे वाटते. तो संकोच महाग पडतो. खिशात हात घालण्याआधी तीन प्रश्न पुरेसे आहेत : हे न करता काय झाले असते? ज्यांचे फसले ते कुठे आहेत? तिसरी वाट आहे का? रोप घेताना खुंट जंबेरीचा की रंगपूर लाइमचा, हे विचारणाऱ्या गावाला एवढे विचारणे जड जाऊ नये.