पावती मागायला लाजू नका!

पाव किलो मिरची घेताना तराजूचा काटा बघणाऱ्या आपण बायका, सहलीचे आठ-दहा हजार रुपये मात्र निव्वळ शब्दावर देऊन टाकतो. 'ताईंच्या ओळखीचा माणूस आहे', 'मागच्या वर्षी शेजारच्या काकू याच्याचसोबत गेल्या होत्या', एवढं आपल्याला पुरतं. कागद मागितला तर त्याला काय वाटेल, हीच काळजी जास्त! माझं स्पष्ट मत आहे, की फसवणूक उघडकीला येते ती तिकडे डोंगरात नाही तर जंगलात. पण तिची सुरुवात होते इथेच, आपल्या ओसरीवर, आगाऊ रक्कम देताना.

आपल्या तिरोड्यासारख्या गावांतल्या बायका हल्ली फिरू लागल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. भिशीचे पैसे साठवून पाच-दहा जणी निघतात. कुणी पचमढी-अमरकंटक, कुणी काशी, कुणी थेट केदारनाथ. मोठ्या कंपन्यांचे दर परवडत नाहीत, म्हणून गोंदिया-नागपूरचा एखादा टूरवाला गाठला जातो. तो गाडी ठरवतो आणि तिथे पोहोचल्यावर आपल्याला एका 'लोकल माणसाच्या' स्वाधीन करतो. हा माणूस कोण, त्याला पैसे कोण देणार, हे आपण विचारलेलंच नसतं. स्वस्तातल्या सहलीत बरेचदा त्याला टूरवाल्याकडून फारसं काही मिळत नाही. मग तो आपली कमाई आपल्याकडूनच काढतो. ठरावीक दुकानात नेतो आणि तिथलं कमिशन घेतो. दर्शनाचे, घोड्याचे जास्तीचे पैसे सांगतो. मुलूख परका, भाषा वेगळी, त्यात अंधार पडत आलेला. अशा वेळी वाद कोण घालणार? पैसे देऊन मोकळं व्हायचं, झालं!

चारधामचंच बघा. या यात्रेसाठी आधी नोंदणी करावी लागते आणि २०२४ मध्ये सरकारच्या संकेतस्थळावर तिला पैसे लागत नव्हते. तरीही २०२४ च्या मे महिन्यात बनावट नोंदणीचे कागद घेऊन आलेले यात्रेकरू उत्तराखंडच्या पोलिसांना सापडले. टूरवाल्यांनी पैसे घेऊन हातात खोटे कागद दिले होते. इतक्या दूर जाऊन दर्शनाशिवाय परतायचं, यासारखं दुःख नाही. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचंही तसंच. २०२३ पासून त्याची तिकिटं आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरच मिळतात. पण हुबेहूब तशीच दिसणारी खोटी संकेतस्थळं काढून लोकांना लुबाडलं गेलं. तेव्हा 'तिकीट काढून ठेवलंय' असं कुणी म्हटलं, की 'दाखव बरं' म्हणायला शिका. नोंदणी तुमच्या नावाची आणि त्याच तारखेची आहे ना, हे निघण्याआधी घरीच बघा. वाचता येत नसेल तर शिकणाऱ्या पोरीला बसवा सोबत.

आता जरा आपल्या दाराशी या. नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. आपल्या बाजूने चोरखमारा, मंगेझरी ही त्याची प्रवेशद्वारं. बाहेरगावचे पाहुणे आपल्याकडे येतात, तेव्हा 'लोकल गाइड' म्हणजे आपल्याच आसपासच्या खेड्यातली पोरं असतात. सफारीत गाडीसोबत गाइड घ्यावाच लागतो आणि त्याचं शुल्क वनखातं ठरवतं. पण मधला एखादा दलाल 'वाघ दाखवतोच' म्हणून भरमसाट पैसे घेतो. वाघ काही कुणाच्या दावणीला बांधलेला नाही! मग वाघ दिसला नाही, की पाहुणे तोंडसुख घेतात ते त्या गरीब गाइडवर. पावसाळ्यात जंगलाचा मुख्य भाग बंद असतो, तेव्हाची सफारी कुणी आत्ताच विकत असेल तर तिथेच ओळखा.

'वाघ दिसलाच पाहिजे' या हट्टाचं पुढे काय होतं, तेही पाहिलं आपण. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. चालक आणि गाइडांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चूक त्यांची होतीच, पण गाडीत बसून 'अजून जवळ घे' म्हणणारे कोण होते?

आणि लबाडी फक्त लहान माणूसच करतो असंही नाही. ताडोब्याच्या सफारीचं ऑनलाइन बुकिंग सांभाळणाऱ्या खासगी कंपनीवर २०२३ मध्ये सुमारे १२ कोटी रुपयांच्या अफरातफरीचा आरोप झाला, चंद्रपुरात गुन्हा दाखल झाला. म्हणून मोठ्या नावाने भुलू नये, तसं लहान माणसाकडे चोर म्हणून बघूही नये. दोघांनाही सारखाच प्रश्न विचारावा, 'कागद कुठाय?'

पुढच्या वेळी आगाऊ रक्कम देण्याआधी एवढं कराच. 'सगळं धरून' म्हणजे काय काय धरून, ते लिहून घ्या. जेवण, राहणं, घोडा, प्रवेश शुल्क, गाइड, एकेक बाब. तिथे सोबत कोण राहणार, त्याचं नाव आणि फोन नंबर घ्या. लॉजवर स्वतः फोन करून खोली खरंच धरली आहे का, ते विचारा. सगळी रक्कम आधी देऊ नका. आणि जी देता, तिची सही-शिक्क्याची पावती घ्या. मोबाइलवरून पैसे पाठवले तर कुणाच्या नावावर जातात, ते बघा.

हा कागद पुढे कामाला येतो. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला, तेव्हापासून आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. टूरवाला दिल्लीचा असला तरी आपल्याला गोंदियाचा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर वेळ न घालवता १९३० फिरवा. 'घरी कळलं तर बोलतील' म्हणून गप्प बसण्यात त्या लबाडाचंच फावतं.

कुणी म्हणेल, इतकी चौकशी केली तर माणूस रागावेल. रागावू द्या की! प्रामाणिक माणसाला पावतीचा राग येत नाही, उलट त्याचं नाव होतं आणि पुढच्या वर्षी आणखी दहा जणी त्याच्याकडे जातात. आपण मागायला लागलो, तर आपल्या मंगेझरीच्या पोराला त्याचं हक्काचं शुल्क मिळेल आणि मधला दलाल आपोआप मागे पडेल. म्हणून मैत्रिणींनो, फिरा, खूप फिरा. फक्त पिशवीत पाण्याच्या बाटलीशेजारी तेवढी पावती असू द्या.